दारफाळणीच्या सणाला

छावणीतली मंडळी मला हझान म्हणतात.
वर्षभर मी अजनीच्या शेडात इंजिनांचे ब्रेक तपासतो.
माणसं मोजू नयेत, म्हणून
दहा शब्दांचं एक वचन म्हणत
एकेकावर एकेक शब्द ठेवत जातो.
बहुतेक वेळा दहावा शब्द हातात उरतो.
वर्ध्याची गाडी लेट असते.
"मी आहे ना," नफ्ताली म्हणतो.
"तू अजून आठ वर्षांनी," मी म्हणतो,
आणि तो बोटांवर आठ मोजतो, बिनधास्त.

सणाआधी माफी मागायची असते.
मी फोनवर मागितली.
पेणच्या आत्याकडे. किहीमकरांकडे,
ज्यांना चटयांच्या भाड्यावरून नको ते बोललो होतो.
शेडातल्या ढोबळेकडे; तो म्हणाला,
"कायची माफी बे? तब्येत ठीक आहे न तुझी?"
रात्री अकराला यादी संपली.
यादीत नफ्ताली नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी
त्याने मनुका भिजवलेलं पातेलं लवंडलं,
उपास सोडायचं शरबत सगळं ओट्याखाली,
आणि मी ओरडलो.
संध्याकाळी ज्या गळ्याने कोल निद्रे म्हणायचं होतं
त्याच गळ्याने.
तो रडला नाही. फडकं आणायला गेला
आणि घेऊन आला माझा पांढरा सदरा.

शेगुलाला सुट्टी मिळाली नाही.
"व्हेंटिलेटरला सण कळत नाही," म्हणाली,
आणि मेडिकलची बस पकडून गेली.
म्हणजे दोन्ही पोरं हॉलमध्ये, माझ्या पायाशी,
काड्यापेट्यांची मालगाडी करत.
पापांची कबुली देताना आम्ही छातीवर मूठ मारतो.
तिर्झा मूठ मारायची काड्यापेटीवर,
आणि दर पापाला एक डबा रुळावरून घसरायचा.

आमचे पणजे या दिवशी दार लावून घ्यायचे,
बाहेरच्याशी अवाक्षर बोलायचे नाहीत.
मी दाराला नुसती कडी घालतो.
पलीकडून निमगडे मावशींचा आवाज येतोच,
"काहून रडून राहिली जी पोरगी? द्या न इकडे."

ऊन उतरलं.
शेवटची प्रार्थना, आकाशाचं दार लागायची वेळ.
सगळे उभे, गुडघे गेलेले वाकरूळकरसुद्धा.
माझा आवाज आता कुठे लागला होता
आणि कोणीतरी धोतर ओढलं.
"बाबा, शी."

पोथी वाकरूळकरांच्या हातात दिली.
कडी काढली.
बाहेर देवीच्या मांडवात कोणी
हॅलो हॅलो करत माइक तपासत होतं.
तो बसला, मी दारात उकिडवा.
पोटात कालपासून पाणी नाही, डोळ्यांपुढे काजवे.
म्हटलं, "काल ओरडलो तुझ्यावर. चुकलं माझं. माफ करशील?"
"थांब," तो म्हणाला, "आधी होऊ दे."
मी थांबलो.
मग एकदम त्याचा चेहरा उतरला.
"बाबा, देवाचं दार लागलं असेल तर?
आपण दोघं बाहेरच राहिलो?"

काय सांगणार?
धुतलं, पुसलं, चड्डी चढवली,
त्याला काखेत मारून धावलो.

आत वाकरूळकर चष्मा पुसत होते.
मी सोडली तीच ओळ, चौथ्यांदा वाचत होते.
कोणी काही म्हणालं नाही.
खोकले मात्र बरेच झाले.

शोफार तोंडाला लावला.
फुंकला, तर नुसती हवा.
पुन्हा फुंकला, शिरा ताणून.
आतून काहीतरी उडालं,
पाठोपाठ आवाज, लांब, थोडा फाटका.
चटईवर एक मनुका पडली होती.
"तोपण उपाशी होता ना," तिर्झा म्हणाली.

रात्री शेगुला गणवेशातच झोपली.
ओट्याखाली अजून मुंग्या आहेत.
नफ्तालीचं उत्तर आलेलं नाही.
रविवारी गच्चीवर मांडवाचे बांबू बांधायचेत,
तेव्हा पुन्हा विचारीन.
सुतळी तोच धरणार आहे.